पुढच्या सीटवरच्या बाई

साहेबलोक मागे बसतात. जोगळेकर बाई पहिल्या दिवसापासून पुढे, माझ्या शेजारी बसल्या. कंपनीतल्या जर्मन साहेबाच्या त्या दुभाषी. मी ड्रायव्हर, कुरुळीचा, शाळा चौथीपर्यंत. "मागं बसा की," म्हटलं. "मागं बसले की तुमचं ऐकू येत नाही, सोपानराव," म्हणाल्या.

चाकणच्या चौकात गाडी तासतास अडायची. एकदा रेडिओवर युरोपातल्या लढाईची बातमी लागली. साहेब काहीतरी बोलला. बाई माझ्याकडे वळल्या. "ते विचारतात, हल्ला करणाऱ्या देशाकडून तुम्ही तेल का घेता?"

ड्रायव्हरला असलं कुणी विचारत नाही. मी भडकलो. "दीडशे वर्षं आमच्यावर राज्य केलं, आणि आता शिकवतो व्हय?"

"अहो, राज्य इंग्रजांनी केलं. हे जर्मन."

"गोरे सगळे एकच."

बाई पोट धरून हसल्या आणि एक शब्द न गाळता त्याला सांगून मोकळ्या झाल्या. मला वाटलं, गेली नोकरी. साहेब म्हणाला, "माझी आई तर भारत आणि चीन एकच समजते."

मग मला जोर चढला. "त्यांना सांगा, तुमच्या शेजारी पेटलं की साऱ्या जगानं धावायचं. आमच्या सीमेवर पोरं पडतात तेव्हा कुठं असता?"

"सांगते. पण आधी त्यांचं म्हणणं तुम्ही सांगा. ते 'बरोबर' म्हणाले, की मग तुमचं."

हा बाईंचा नियम. साहेबालाही तोच. त्याची आजी मागल्या महायुद्धात लेकरू काखेला मारून घरातून चालत निघालेली. तसं परत होईल, ही त्याची भीती. ते सांगताना मी तीनदा चुकलो, चौथ्यांदा त्यानं मान हलवली. मग त्यानं माझं सांगितलं. पटलं कुणालाच नाही. पण त्या दिवसापासून तो मला नावानं हाक मारायला लागला.

बायको गेली, तेव्हा दहाव्यानंतर बाई घरी आल्या. मी बोलून गेलो, "दवाखान्यात चल म्हणून महिनाभर डोकं फोडलं. ऐकलंच नाही. हट्टीच होती."

"का नको म्हणत होत्या?"

चाळीस वर्षांचा संसार, आणि मी नुसता ओरडलो होतो. का, ते विचारलंच नव्हतं. बाई चहा प्यायल्या, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

गेल्या वर्षी बाईही वारल्या. साहेब त्याच्या देशात गेला. मी गाडी सोडली. आता घरात एकटाच मोठ्यानं बोलतो, बायकोशी भांडतो. माझी बाजू पाठ आहे. तिची सांगायला जातो, आणि तिथंच अडतो.