शहाबादी फरशीवरची ज्वारी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वडिलांनी मला पैसे दिले नाहीत, चार पोती ज्वारी दिली. मोहोळकडची आमची शेती कोरडवाहू. बहात्तरचा दुष्काळ उलटून तीन-चार वर्षं झाली होती. घरात धान्य होतं, रोकड नव्हती. एसटीच्या टपावर पोती चढवून ते म्हणाले, "दिवाळीपातुर यात भागलं तर म्होरं शीक. न्हाय भागलं तर घरी ये. मधी पत्र धाडायचं न्हाय."

फी माफ होती. प्रश्न खोलीभाड्याचा, पुस्तकांचा आणि दोन वेळच्या जेवणाचा होता.

सोलापुरात नवी पेठेच्या बाजारामागे आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मैत्रीण अक्कलकोटकडची. तिलाही घरून ज्वारीच मिळाली होती. तिने ती आल्या आल्या आडत्याला घातली. हातात पैसे आले तसं आधी चपला घेतल्या, मग पर्स, मग साडी. मी दोन पोती विकून भाडं, पुस्तकं आणि खाणावळीचे सुरुवातीचे महिने भागवले. उरलेली दोन कॉटखाली सारली. श्रावणात घरोघरचं धान्य आटतं आणि भाव चढतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"कॉलेजात आलीस का दुकान टाकायला?" मैत्रीण म्हणायची.

"श्रावणात कळंल."

श्रावणात मलाच कळलं. गावाकडे आमची ज्वारी कणगीत असे, तीही फळीवर, तळाशी कडुनिंबाचा पाला घालून. इथे मी पोती सरळ शहाबादी फरशीवर टेकवली होती, आणि पावसाळ्यात त्या फरशीला ओल सुटते. पोत्याचं तोंड सोडलं तर कुबट वास आला आणि किडे आपल्या पायांनी बाहेर आले. आडत्याने मूठभर दाणे तळव्यावर घेऊन फुंकले आणि जूनपेक्षाही कमी भाव सांगितला. तेवढ्यात दसऱ्यापर्यंतचं जेवणही निघालं नसतं.

मी पोती परत आणली. रविवारी गच्चीवर ज्वारी पसरली, उन्हात तापवली, चाळली. मैत्रीण आधी हसली, मग पदर खोचून सूप घेऊन बसली. तिचे पैसे तोवर संपले होते, भावाकडून मागवून चाललं होतं.

संध्याकाळी चाळलेल्या ज्वारीचा डबा घेऊन मी खाणावळीच्या अक्कांकडे गेले.

अक्कांनी दाणा दाताखाली फोडला. "अय्यो, किडे काढून आणलीस व्हय? माज्या गिऱ्हाइकांना घालू?"

"चाळलीय, अक्का. तुम्ही तरी बाजारातनं न चाळलेलीच आणता की."

"तोंड लई चालतंय. भाव काय म्हणतीस?"

"पैसे नकोत. दोन्ही पोती घ्या आणि दिवाळीपर्यंत दोन वेळा जेवायला घाला."

"तुजं पोट केवडं हाय, मला म्हाईत हाय की. परवडायचं न्हाय."

"खाडे धरू नका मग." गावाला गेलं की न जेवलेल्या दिवसांचे पैसे खाणावळवाले वजा करत. त्याला खाडा म्हणायचे. सणावाराला मी मैत्रिणीबरोबर तिच्या गावी जायचे, त्यामुळे माझे खाडे बरेच पडत.

अक्का थोडा वेळ परातीतलं पीठ मळत राहिल्या. "रविवारी गोड मागायचं न्हाय."

"नाही मागत."

"आण जा."

ज्वारी किडली नसती आणि चढ्या भावाने विकली असती तर चार पैसे जास्त मिळाले असते. पण ते हातात आले असते, आणि नवी पेठ खोलीपासून पाच मिनिटांवर होती. अक्कांच्या चुलीमागे ठेवलेली ज्वारी मला खर्चता येत नव्हती, एवढं बरं झालं.

दिवाळीला रिकामी पोती घडी करून घरी नेली. वडिलांनी एकेक उलटी करून झटकली. शिवणीतून मेलेले किडे पडले.

"फरशीवर ठिवली व्हतीस?"

"व्हय."

"पत्र धाडलं न्हाईस."

"नाही."

ते आईकडे वळले. "हिला दोन फळ्या काढून ठिव. आन् पाला जास्त घाल." मग दोन्ही पोती भरायला घेऊन कणगीकडे गेले.