व्याह्यांची घाईची रायफल

आमच्या व्याह्यांइतका घाईचा माणूस देवाने दुसरा केला नसेल, आणि केला असेल तर तो एव्हाना घाईघाईत मरूनही गेला असेल. आपला वरणभात कालवून होतोय तोवर यांचं ताक पिऊन झालेलं असतं. कुणाकडे गेले की एकच चप्पल काढतात, दुसरी काढायच्या आत यांची निघायची वेळ होते. माझ्या मुलाच्या लग्नात, म्हणजे यांच्याच मुलीच्या, तिसऱ्या मंगलाष्टकाला सगळ्या अक्षता टाकून रिकामे झाले आणि भटजींना म्हणाले, "आवरा आता, हॉल दोनपर्यंतच आहे." ते इंजिनियर, मेलबर्नला येऊन तीस वर्षं झालेले. मी सातवी पास फिटर, पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर कानस घासून म्हातारपणी बायकोला घेऊन मुलाकडे इथल्याच ट्रुगानिना उपनगरात आलेला. ते दोन गल्ल्या सोडून राहतात, एकटेच. त्यांची बायको बारा वर्षांपूर्वी गेली.

अशा माणसाला नाद लागावा तो कसला, तर रायफलीचा. दर रविवारी क्लबात जाऊन कागदाच्या चकतीवर नेम धरायचा. त्यांची रायफल साधी, एक गोळी सुटली की हाताने बोल्ट ओढायचा, मग दुसरी. ती मधली दोन सेकंदं व्याह्यांना सोसवत नसत. धडधड गोळ्या सोडणारी बंदूक आणि तिची जोडसामग्री या देशात साध्या माणसाला बंद आहे, आणि आहे तेच बरं आहे. पण कायद्यात बसेल तेवढं सगळं यांनी घेतलं. बोल्टला बटाट्याएवढी मूठ, गोळ्या झटपट भरायची डबी, आणि किती सेकंदांत किती बार झाले ते सांगणारं एक पीं पीं करणारं यंत्र. "व्याहीबुवा, एका गोळीमागे पाऊण सेकंद वाचतो!" मी म्हटलं, "वाचवून त्याचं लोणचं घालणार का?" मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण लोखंडातलं कळतं. भराभरा मारलं की नळी तापते, खांदा हलतो आणि नेम जातो. हौसेने कागदाला भोकं पाडणाऱ्याला घाई कसली? कागद काय पळून जातोय?

लॉकडाऊनच्या आधी एकदा आम्हा दोघांना क्लबात घेऊन गेले होते. बाकीच्यांच्या तीन गोळ्या होतात तोवर यांच्या दहा संपल्या. कागद आणून बघतो तर भोकं चारच. बाकीची शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या कागदावर. त्याची रायफल त्याच्याच वयाची, तिला वरून जोडलेलं काही नाही, आणि त्याच्या स्वतःच्या गोळ्या सगळ्या मधोमध. तो म्हणाला, "नो वरीज, मेट." आमची ही तोंडाला पदर लावून म्हणाली, "भाऊ, आपलं ताट सोडून पाहुण्याच्या ताटात वाढलंत की." व्याही पोट धरून हसले. तिने केलेली चेष्टा त्यांना चालायची. माझी नाही.

मग करोना आला आणि ऐन थंडीत ही गेली. करोनाने नाही, हृदयाने. हॉस्पिटलात एकालाच आत सोडत होते. इंग्रजी येतं म्हणून मुलगा गेला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. शेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि ती गेली तेव्हा मी काचेवरची वाफ पुसत होतो. अंत्यविधीला दहा माणसं, मास्क लावून, लांब लांब बसलेली. कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही. नियम म्हणे.

तिच्या अस्थी मिळाल्या त्या प्लॅस्टिकच्या डब्यात. तिचं माहेर वाईचं, कृष्णेच्या घाटावर वाढलेली बाई, तिला तिथेच न्यायचं मी ठरवलं होतं. पण विमानं बंद. अस्थी घरात ठेवत नाहीत, आणि बाहेर टांगाव्यात तर या नव्या वसाहतीतली झाडं माझ्या करंगळीएवढी. डबा गॅरेजमध्ये राहिला, गवत कापायच्या यंत्राशेजारी.

त्या दिवसांत तासभर बाहेर फिरायची परवानगी होती, बरोबर एकच माणूस. माझ्या वाट्याला व्याही आले. क्लब बंद, तरी रायफलीच्या वस्तूंची यांची पार्सलं चालूच. घरी काठीलाच रायफल समजून बोल्ट ओढायचा सराव करायचे, बाजूला ते यंत्र पीं पीं करायचं. रस्त्याने मला आकडे ऐकवायचे. मी ऐकत नसे. आणि ती गेल्याच्या दहाव्या दिवशी तोच माणूस मला म्हणतो, "ओढा इथून दहा मिनिटांवर आहे. सोडून टाका विहीणबाईंना. उगाच लांबवू नका."

माझं डोकं फिरलं. "ती काय तुमची गोळी आहे, सोडून टाकायला? तिला वाईला न्यायची आहे."

"कधी?"

"विमानं सुरू झाली की."

"होणार नाही ते."

"तुम्ही तुमच्या बंदुकीचं बघा. माझ्या बायकोचं मी बघीन."

दुसऱ्या दिवसापासून मी एकटा फिरायला लागलो. नात म्हणाली, "आजोबा, ही इज जस्ट ट्रायिंग टू हेल्प." मी तिलाही गप्प केलं. महिनाभर त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

एका सकाळी तेच दारात आले. "माझ्या गॅरेजमध्ये चला," एवढंच म्हणाले. तिथे भिंतीला ठोकलेलं रायफलीचं लोखंडी कपाट. किल्ली यांच्याशिवाय कुणाकडे नाही, तसा कायदाच आहे. त्यांनी कुलूप काढलं. रायफल बाजूला उभी, आणि खालच्या फळीवर तसाच एक डबा. झाकणावरची चिकटपट्टी पिवळी पडलेली.

"पोरीला सांगितलंय, गोदावरीत सोडली म्हणून," ते म्हणाले. "चार वेळा नाशिकला जाऊन आलो. चारही वेळा हिला इथेच ठेवून गेलो. पुढच्या वेळी नेऊ, पुढच्या वेळी नेऊ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा ठेवलं की राहतं, व्याहीबुवा. मग हात होत नाही."

मी तोंडाचा फटकळ. बारा वर्षं पोरीशी खोटं बोललात, असं म्हणणार होतो. पण त्यांनी फळीवरची धूळ बोटाने पुसली, डब्याला न लावता, भोवतीभोवतीची. घरी आलो आणि आमच्या गॅरेजमध्ये बराच वेळ उभा राहिलो. डब्यावर गवताच्या काड्या पडल्या होत्या. माझं वय चौऱ्याहत्तर. विमानं कधी सुरू होणार, तेव्हा मी असणार का, कुणी सांगावं?

रविवारी, व्याह्यांना कळवून, मुलाला घेऊन ओढ्यावर गेलो. नियमाने एक माणूस जास्त, तरी व्याही आधीच येऊन उभे होते, जाकिटाखाली आपला डबा. गंगाजल नाही, भटजी नाही, पाणी गुडघाभर आणि गार. मी आत उतरलो. तिला म्हटलं, वाई काही जमली नाही, रागावू नकोस. आणि सोडली. राख थोडी पायाशी घुटमळली, मग गेली. मागे वळून बघितलं तर व्याह्यांनी झाकणावर दोन्ही हात धरलेले. मुलगा काय ते समजला आणि सासऱ्यांना म्हणाला, "या ना पप्पा, मी धरतो." ते म्हणाले, "आज तुमचं होऊ दे." आणि डबा परत जाकिटाखाली घेऊन हळूहळू चढ चढून गेले.

आता आम्ही पुन्हा बरोबर फिरतो. ओढ्यावरून जातो तेव्हा मी थांबतो, तेही थांबतात. डब्याचं मी विचारत नाही. तास संपत आला की माझा मुलगा फोन करतो, पण आधी 'घरी चला' असं मी म्हणत नाही, आणि तेही म्हणत नाहीत.