आमचे साडभाऊ आणि बिनछताची गाडी

चंद्रपूर जिल्ह्यात वाघ पुष्कळ आहेत आणि वाघावर प्रेम करणारी माणसं त्याहून पुष्कळ आहेत, पण गाडीच्या छतावर जीव ओवाळून टाकणारा माणूस या जिल्ह्यात आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. शेवटी भाऊ जोडलेला असल्यामुळे त्यांच्याशी धड भांडताही येत नाही. कुणाच्या दारात नवी गाडी आली की चार लोक रंग बघतात, किंमत विचारतात, पेढा खातात. आमचे साडभाऊ पेढा डाव्या हातात घेतात, उजव्या हाताच्या पेरांनी छतावर टकटक करतात आणि बाजारात टरबूज निवडणाऱ्या बाईसारखा कान लावतात. मग निकाल लागतो. एक तर "बरं हाय", नाहीतर "पत्रा हाय हा, छत नाई". एकदा बल्लारपूरला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाच्या कोऱ्या गाडीला भर मांडवात पत्रा ठरवलं. मामा आमच्या पंगतीला वाढायला होता. आम्हा दोघांच्या पानात शेवटपर्यंत वरण आलं नाही.

छतावर सामान बांधणं हा त्यांच्या लेखी महापातकाचा प्रकार. माझ्या मुलीच्या लग्नात रुखवताचं कपाट आरमोरीला न्यायचं होतं. टेम्पोवाल्यानं ऐन वेळी टांग दिली, म्हणून मी साडभाऊंना त्यांच्या गाडीवर दोन दोर टाकू द्या एवढंच म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "छतावर बोजा ठेवनं म्हंजे बापाच्या डोक्यावर चप्पल ठेवनं. मी ठेवनार नाई." कपाट शेवटी बैलगाडीनं अर्ध्या वाटेपर्यंत आणि ओळखीच्या ट्रॅक्टरनं पुढे गेलं. तीच गत खिडकीच्या काचांची. काच उघडी राहिली की वारा आत शिरतो आणि गाडीचा जोर जातो, असं त्यांचं शास्त्र. चंद्रपूरचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना मी अधिक सांगायला नको. त्या उन्हात काचा बंद करून ते गाडी हाकतात आणि शेजारी माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलेल्या असतात. ताई एकदा घामाघूम होऊन आमच्या दारात उतरल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाबानं ह्यायचं लगन छताशीच लावाले पायजे होतं. मले काऊन मधात टाकलं काय मालूम." साडभाऊंनी ते ऐकलं आणि मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

पण हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. तरुणपणी साडभाऊंनी आणि त्यांचे लंगोटीयार बंडूभाऊ यांनी मिळून एक गॅरेज टाकलं होतं. त्या काळी मास्तरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे एकच छोटी गाडी घ्यायचे. ही गरीब गाय हे दोघं आपल्या शेडमध्ये न्यायचे, तिचं इंजिन खोलायचे, स्प्रिंगा कडक करायचे, छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडायचे आणि महिनाभरानं जे बाहेर यायचं ते बघून मूळ मालक दचकायचा. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांवर घोडा असतो, बैल असतो. यांनी ठरवलं आपल्या गाडीवर रानडुक्कर लावायचं, कारण ते सरळ जातं आणि वाटेत कोण आहे हे बघत नाही. पाट्या रंगवणाऱ्याकडून पितळी बिल्ल्याचं चित्र काढून घेतलं. त्यानं जन्मभर गणपती आणि दंतमंजन रंगवलं होतं, त्यामुळे रानडुकराच्या चेहऱ्यावर एक प्रसन्न भाव उतरला. तरीही त्या बिल्ल्याचा दरारा नागपूरपर्यंत गेला. बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या मातीच्या ढिगांवर रविवारी शौकीन लोक शर्यती लावायचे. पहिलंवहिलं रानडुक्कर बंडूभाऊ चालवायचे आणि साडभाऊ शेजारी बसून वळणं सांगायचे. अशाच एका रविवारी ढिगावरून गाडी घसरली, कोलांट्या खात खाली आली आणि चाकांवर उभी राहिली. लोक धावत गेले तर बंडूभाऊंचा चष्मासुद्धा नाकावर शाबूत होता. छताला पोचे पडले होते, पण ते दबलं नव्हतं. त्या दिवशी साडभाऊंनी गाडीच्या छताला हळदकुंकू लावलं. मला ती गोष्ट त्यांनी निदान शंभरदा सांगितली असेल.

पुढे दिवस पालटले. कंपन्याच जोरदार गाड्या बनवू लागल्या, ढिगांवर झाडं लागली, आणि रानडुक्कर कुणी मागेना. साडभाऊ वय झालं म्हणून घरी बसले. गॅरेज बंडूभाऊंची मुलगी पल्लवी बघू लागली. या पोरीला गाडी साडभाऊंनीच शिकवली होती आणि स्वतःला मूल नसल्यामुळे तिचं कौतुक ते जरा जास्तच करत. मग दोन वर्षांपूर्वी बंडूभाऊंना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घराबाहेर न्यावं तर ऑटोत ते बसेनात, उंच गाडीत बसेनात, तोंड फिरवायचे. शेडकडे नेलं की मात्र त्या जुन्या पहिल्या रानडुकराकडे बघत राहायचे. ती गाडी बसकी. तिच्या दारातून वाकून आत शिरणं धडधाकट माणसाला जड, तर या माणसाला कुठून जमणार? पल्लवीनं महिनाभर विचार केला, आणि एक दिवस कटर घेऊन गाडीचं छत कापून काढलं. पिंजराही कापला. आता चार जणांनी बंडूभाऊंना खुर्चीवरून उचलायचं आणि वरून अलगद सीटवर ठेवायचं, इतकं सोपं झालं. कायद्यात हे कुठवर बसतं ते मी विचारलं नाही. गावातल्या पोलिसांनीही विचारलं नाही, कारण बंडूभाऊ त्या सीटवर बसून हसत होते, आणि ते किती दिवसांनी हसत होते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ही बातमी साडभाऊंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी साडभाऊ जेवले नाहीत, असं ताईंनी सांगितलं. आठवड्यानं पल्लवी स्वतः आली. तिची उघडी गाडी बघून ताडोबाकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं आणि वरातीच्या गाड्या भाड्यानं देणाऱ्या एकानं तशीच मागितली होती, आणि रानडुकराच्या बिल्ल्यासकट मागितली होती. बिल्ला अर्धा साडभाऊंचा, म्हणून ती विचारायला आली होती. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"बाबा बसून राह्यले त्याच्यात, काका," ती म्हणाली. "तुम्ही एकदा येऊन त पाहा."

"बसू दे न. मी कुठी नाई म्हनतो," साडभाऊ म्हणाले. "पन ते रानडुक्कर नाई आता."

"जोर तोच हाय. इंजिन तुम्हीच बांधलं होतं."

"जोर इंजिनात नसते, पोरी. छत काढलं का गाडीची कंबर मोडते. तू खालून लोखंड जोडलं न? वजन वाढलं न?"

"वाढलं."

"मंग ते वळनावर म्हशीवानी वळत असन. त्याच्यावर आपला बिल्ला लावून लोकायले का सांगतं? आमी जलमभर म्हशीच बनवल्या म्हनून?"

"लोकायले म्हशीवानीच फिराचं हाय काका. वरातीत कोन शर्यत लावते?"

माझ्या मते इथे पोरीनं बाजी मारली होती. वरातीत कोणी शर्यत लावत नाही हे शहाण्या माणसानं कबूल करायला हवं. पण साडभाऊंचाही मुद्दा अगदीच खोटा नव्हता. ज्या छतानं दोघांचे जीव वाचवले तेच कापून भंगारात गेलं होतं, आणि त्यावर वरताण म्हणून आता बिल्ला नाचत्या वरातींत मिरवणार होता. ते म्हणाले, "उघड्या गाडीवर बिल्ला लागनार नाई." पल्लवीनं विचारलं, "बाबाच्या गाडीचा बी काढू का?" मला वाटलं आता हा माणूस नरमेल. साडभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कायदा सगळ्यायले सारखा." ती उठली, ताईंना नमस्कार केला आणि गेली. संध्याकाळी तिनं बिल्ला काढून कापडात गुंडाळून पाठवला. त्या दिवसापासून तिनं या घरात पाय ठेवला नाही, आणि साडभाऊ दोस्ताला भेटायला गेले नाहीत.

खरं सांगायचं तर झटका आल्यापासून ते एकदाच गेले होते. दोस्ताचं वाकडं झालेलं तोंड त्यांना बघवलं नव्हतं, आणि तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती. छतावरून भांडणं त्यापेक्षा सोपं पडलं. मला हे तेव्हाच कळत होतं. मी एकदा बोलूनही पाहिलं, तर त्यांनी माझ्या स्कूटरच्या ब्रेकचा विषय काढला.

रोज दिवेलागणीला पल्लवी बंडूभाऊंना फिरायला काढायची. रामाळा तलावाच्या पाळीवरून मूल गावाच्या रस्त्यानं जंगल लागेपर्यंत जायचं आणि परत यायचं. येताना साडभाऊंच्या गल्लीच्या तोंडाशी बंडूभाऊ डावा हात वर करायचे. गाडी थांबायची. इंजिन चालूच असायचं. त्या इंजिनाचा आवाज साडभाऊंना दुरून ओळखू यायचा. हातातलं काम टाकून ते उठायचे आणि बैठकीच्या खिडकीपाशी पडद्यामागे जाऊन उभे राहायचे. बाहेर मात्र जायचे नाहीत. मी दोनतीनदा तिथे असताना हे बघितलं आहे. "चला न भाऊ, दारापर्यंत त जाऊ," मी म्हणायचो. ते बोट ओठावर ठेवायचे, जणू माझ्या बोलण्यानं ते तिथे आहेत हे बाहेर कळलं असतं. थोड्या वेळानं गाडी निघून जायची. मग ते येऊन बसायचे आणि म्हणायचे, "एक प्लग मिस मारून राह्यला. पोट्टीले समजत नाई काय?" आणि रात्रीपर्यंत प्लग या विषयावर बोलायचे.

या वर्षी होळीच्या आधी एका संध्याकाळी गाडी आली नाही. साडभाऊ खिडकीशी उभेच राहिले. ताई जेवायला बोलावत होत्या तरी हलले नाहीत. माझा फोन वाजला तेव्हा पल्लवीच्या घरचा आहे हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. ते खांदा द्यायला आले. रडले नाहीत. घाटावर सगळ्यांच्या मागे उभे होते.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी पल्लवी ती उघडी गाडी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "चला काका, एक चक्कर मारू." मी नेमका तिथे होतो. मला वाटलं हे आता छताचं पुराण काढणार. त्यांनी टोपी घातली आणि जाऊन बंडूभाऊंच्या सीटवर बसले. मी मागे गुडघे हनुवटीला लावून बसलो. तलावाची पाळ गेली, मूलचा रस्ता लागला, मोहाच्या फुलांचा वास यायला लागला. वर आभाळ मोकळं होतं. वळणावर गाडी खरंच म्हशीसारखी वळली. जंगलाच्या तोंडाशी साडभाऊंनी फक्त विचारलं, "इथी आला का खुश राहे काय तो?" पल्लवी म्हणाली, "वर पाहत राहे, काका. झाडं संपेपर्यंत."

परत येताना गल्लीच्या तोंडाशी तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दिवे लागले होते. समोर साडभाऊंचं घर, दार बंद. गाडीचा आवाज ऐकून ताई खिडकीशी आल्या असाव्यात, कारण बैठकीतली ट्यूबलाइट त्यांच्या पाठीमागे होती आणि पडद्यावर त्या अख्ख्या दिसत होत्या. अंबाडा, खांदा, कमरेवर ठेवलेला हात, सगळं. साडभाऊ त्या खिडकीकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मी बी असाच दिसत होतो काय?"

"रोज," पल्लवी म्हणाली. "बाबा त्याच्यासाठीच थांबवत. तुम्ही खिडकीत आले का जराशीक पाहत आन हात खाली घेत. मंग आमी जात होतो."

साडभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले वाटे मी पडद्यामागं हावो," ते म्हणाले. "मी काऊन नाई आलो बाहेर? चार पावलं होती." पल्लवीनं विचारलं, "उतरता का, काका?"

"थांब जराशी," ते म्हणाले. "तो जेवढा वेळ पाहे, तेवढा मले बी पाहू दे."