विहिरीच्या काठावरचे कमांडर

कमांडर प्रल्हादराव गव्हाणे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या ओरडण्यामुळे झाली. फुलंब्रीजवळ त्यांचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून आहे. नौदलातून निवृत्त होऊन ते नुकतेच परतले होते. मी शाळामास्तर, सुटीच्या दिवशी बांधावर उभा राहून लांबच्या गड्याला बैल आवरायला सांगत होतो. साहेब जवळ आले, नमस्कार केला आणि इतक्या हळू बोलले की मला कान पुढे करावा लागला. "गुरुजी, तो ऐकतोय. बैलही ऐकतायत." मला असा राग आला म्हणता! पहिले काही महिने हे गृहस्थ मला चक्क शिष्ट वाटायचे. पुढे कळलं की ज्या जहाजात त्यांची उमेदीची वर्षं गेली, तिथे आवाज झाला तर शत्रूला पत्ता लागतो. पाणबुडीत भांडंसुद्धा आपटायची सोय नाही.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या काही वर्षांत कन्नड तालुक्यातल्या एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. पोहायला ते विहिरीत शिकले. समुद्र पाहिला तो नौदलात गेल्यावर. पाणबुडीवर निवड झाल्याचं घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "बुडायचं जहाज म्हणं! अन् बुडायचा पगार बी मिळतो व्हय?" साहेब हे सांगताना अजून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. पुढे रशियातलं कडक प्रशिक्षण, मग विशाखापट्टणम, मुंबई, आणि आठवडेच्या आठवडे पाण्याखाली. आंघोळ नाही, अंगावरचा कपडा बदलणं नाही, गोडं पाणी जपून वापरायचं. मी एकदा विचारलं, "कसं हो काढलंत?" म्हणाले, "मराठवाड्यातल्या माणसाला पाणीटंचाईची भीती घालता होय गुरुजी?"

त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी काढू गेलं तर ते विषय मोसंबीवर नेतात. जे थोडं कळलं ते त्यांच्या पत्नी सुमनवहिनींकडून. एकदा समुद्रात असताना एका खलाशाला ताप भरला. साहेबांनी आपला बिछाना त्याला दिला आणि स्वतः टॉर्पेडोच्या शेजारी फळीवर पडून राहिले. पुढे तो खलाशी बायकोमुलांना घेऊन घरी आला, तेव्हा वहिनींना पहिल्यांदा हे समजलं. "नवरा माझा, अन् बातमी परक्याकडून!" वहिनी अजून फणकारतात.

पाणबुडीतली एक सवय मात्र त्यांनी शेतात आणली आणि आम्हा सगळ्यांना जेरीस आणलं. तिथे हुकूम ऐकून नुसतं "हो" म्हणत नाहीत. जे ऐकलं ते पुन्हा बोलून दाखवायचं, मगच हात लावायचा. साहेब म्हणायचे, "उद्या सकाळी मोटार बंद ठेवा." मी म्हणायचो, "बरं." "बरं नको गुरुजी. काय बंद ठेवायचं?" मी चिडायचो. आयुष्यभर मी पोरांकडून पाढे म्हणून घेतले आणि हा माणूस माझ्याकडून मोटार म्हणून घेतोय! गावात त्यांची नक्कल करण्यात माझाच पहिला नंबर होता.

मग तो उन्हाळा आला. आमच्या विहिरीचा गाळ काढायचा होता. पाणी उपसायला डिझेल इंजिन आत उतरवून मधल्या कट्ट्यावर ठेवलं होतं. आमच्याकडे तेव्हा सर्रास असंच करायचे. इंजिन धापा टाकून बंद पडलं, म्हणून माझा धाकटा भाऊ नामदेव बघायला खाली उतरला आणि कट्ट्यावर पोहोचताच आडवा झाला. गडी ओरडला. मी धावत येऊन पायरीवर पाय टाकला, तोच मागून कुणीतरी कंबरेला मिठी मारून मला मातीत पाडलं. साहेब होते.

"विहिरीत धूर साचलाय. तुम्हीही पडाल."

मी त्यांना काय काय बोललो ते या गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. आई काठावर ऊर बडवत होती. "सोडा त्याला! माझं लेकरू मरतंय खाली!" साहेबांनी सोडलं नाही. त्याच हळू आवाजात त्यांनी गड्यांना कामाला लावलं. खळ्यातून उफणणीचा हाताने फिरवायचा पंखा आणवला, ताडपत्रीची नळी करून त्याच्या तोंडाला बांधली, दुसरं टोक कट्ट्यापर्यंत सोडलं आणि दोघांना पंखा फिरवायला सांगितलं. खाली ताजी हवा जाऊ लागली. मग त्यांनी दोर स्वतःच्या काखेत बांधला आणि टोक माझ्या हातात दिलं.

"मी दोर हलवला की ओढा. हाकेला उत्तर आलं नाही तरी ओढा. काहीही झालं तरी खाली यायचं नाही. आता म्हणा."

माझा भाऊ खाली पडलेला, आणि हा माणूस म्हणतो, म्हणा! मी रडत म्हणालो, "ओढीन." साहेब हलले नाहीत. "पुढचं?" ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. अखेर म्हणालो, "काहीही झालं तरी खाली येणार नाही." तेव्हा कुठे ते उतरले.

साठीला टेकलेला माणूस, हो! त्यांनी खाली जाऊन दुसरा दोर नामदेवला बांधला. आम्ही आधी त्याला ओढलं, मग साहेबांना. वर येताच साहेब भडाभडा ओकले आणि तसेच गुडघ्यांवर सरकत नामदेवपाशी गेले. त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिले. किती वेळ गेला, देव जाणे. नामदेव खोकला. त्याला जीपमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. त्याआधी आईने पदराने साहेबांचं तोंड पुसलं आणि त्यांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "बाबा, माझं आयुष्य तुला लागू दे." साहेब ओशाळून म्हणाले, "मावशी, तुमचं तुम्हाला राहू द्या."

आईने ऐकलं नाही. त्या दिवसापासून देवापुढे दिवा लावताना ती आम्हा दोन भावांच्या बरोबर प्रल्हादरावांचं नाव घ्यायची. आई आता नाही. साहेबांचं पंच्याहत्तरावं वर्ष पूर्ण होत आहे. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत आणि त्यांचा तो हळू आवाज ऐकू येईल इतके आमचे कान राहोत. हा लेख लिहायला बसलो तेव्हा नामदेवला विचारलं, तुझ्या वतीने काय लिहू? तो नातवाला खांद्यावर घेऊन अंगणात उभा होता. म्हणाला, "दादा, आई म्हणायची तेच लिही. फक्त आता माझं लागू दे म्हणावं. नाय तरी ते त्यांचंच हाय."