मण्यांचा राजहंस

सांगलीत आमच्या शेजारच्या मावशींच्या शोकेसमध्ये प्लास्टिकचा ताजमहाल, मान डोलावणारी बाहुली आणि पांढऱ्या मण्यांचा राजहंस आहे. जुन्या टूथब्रशनं त्या रोज हंसाची मान घासतात. "कला हाय ती, हात लावू नगा," असं पाहुण्यांना आधीच बजावतात.

तरी हा हंस वर्षानुवर्षं गल्लीभर फिरला. कुणाच्याही मुलीला बघायला पाहुणे आले, की तो त्या घरच्या टीव्हीवर बसायचा आणि मुलीची आई म्हणायची, "आमच्या हिनं केलाय." सात जणी त्याच्या भरवशावर सासरी गेल्या. मुलींच्या या बाजाराला मावशी हौसेनं माल पुरवतात, म्हणून मी त्यांच्यावर चिडायचे.

गेल्या महिन्यात माझ्या ताईला बघायला इस्लामपूरची मंडळी आली. ताई बँकेत अधिकारी आहे, तरी आईनं हंस मागून आणला. मुलाच्या आईनं त्याचं कौतुक केलं, तशी आई सवयीनं म्हणाली, "आमच्या हिनंच केलाय."

मदतीला आलेल्या मावशी पोहे वाढता वाढता थांबल्या. "न्हाई, म्या केलाय. इतक्या वर्षांत येकीनं बी माझं नाव घेतलं न्हाई."

"मग मुलीला काय येतं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"ती बँक सांभाळती. तुमच्या पोराला काय येतं ते सांगा की."

स्थळ गेलं. आई आठवडाभर मावशींशी बोलली नाही. परवा पलीकडच्या घरातले लोक हंस मागायला आले. मी मावशींच्या नकाराची वाट बघत होते. त्यांनी हंस दिला, फक्त त्याच्या गळ्यात स्वतःच्या नावाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधून दिली.