समोरच्याची बाजू आणि मुळे सर
मुळे सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त चार शब्द लिहा, असं गौरवग्रंथाच्या संपादकांनी सांगितलं. गौरव करतेच, पण आधी थोडं भांडते. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर तेवढा हक्क आहे माझा.

प्रा. श्रीधर मुळे सर प्रथम भेटले ते आमच्या लॉ कॉलेजच्या कायदा सहायता केंद्रात. मी विद्यार्थिनी. देवास गेटच्या एका भाडेकरूची तक्रार ऐकून मी जोशात कलमं सांगू लागले. सरांनी ऐकून घेतलं नि म्हणाले, "छान. आता मालकाची बाजू सांगा." मी म्हटलं, आपला पक्षकार तर भाडेकरू आहे. "म्हणूनच," सर म्हणाले. विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करतात, त्यामुळे धड रागावताही येत नाही. समोरच्याची बाजू त्याला स्वतःला पटेल अशी मांडता आल्याशिवाय त्यांच्या केंद्रातून नोटीस बाहेर पडत नाही. वर्गात हे शोभतं हो. पण पक्षकारांनाही तेच करायला लावायचं म्हणजे कमाल झाली.

भैरवगढचे दोन छापकार भाऊ आले होते, कापडावर ठशांनी नक्षी छापणारे. वडिलांचे लाकडी ठसे त्यांनी भांडून असे वाटून घेतले की नक्षीच्या रेघेचे थोरल्याकडे, आत रंग भरायचे धाकट्याकडे. दोघांचंही काम ठप्प. थोरल्याची नोटीस मी तयार ठेवली होती. सरांनी ती बाजूला सारली नि त्याला म्हणाले, "पहले छोटे की बात आप बोलिए." थोरला भडकला, "वो खुद बोले ना, मैं काय को बोलूँ?" चहावर चहा झाले. माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी थोरला खाली बघत म्हणाला, "ये कहेगा, बाबूजी के बाद किसी ने मुझसे कुछ पूछा ही नहीं." धाकटा रडायलाच लागला. आज दोघं एकाच अंगणात छापतात. घरी अजून बोलत नाहीत, ते सोडा.

गेल्या वर्षी सरांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी दगदग बंद सांगितली, तरी थोड्याच दिवसांत स्वारी स्कूटरवरून केंद्रात हजर. मुळेकाकूंचा रडत फोन आला, "तूच समजाव गं, माझं तर ऐकतच नाहीत." मी तडक घरी गेले. केंद्र आम्ही बघतो, तुम्ही घरी बसा, असं चांगलं ठणकावून सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "ठीक है. आता माझी बाजू मांडा."

काय म्हणावं या माणसाला. चिडूनच सुरुवात केली: लोक वाट बघतात. सरांनी मान हलवली, नाही. मुलं अजून कच्ची आहेत. तेही नाही. मग माझा आवाज उतरला. म्हटलं, "घरी नुसतं बसलं की मरणाची भीती वाटते."

"हां," सर म्हणाले, "ये सही है." आणि स्कूटरची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

आता सकाळी मीच त्यांना गाडीतून केंद्रात नेते आणि जेवणाच्या वेळेला काकूंच्या हवाली करते. वाटेत औषधाचं विचारलं की विषय बदलतात. मुळे सरांना ठणठणीत, भरपूर आयुष्य मिळो, एवढंच महाकालापाशी मागणं आहे. भीती मलाही वाटते, सर.