जड व्हायला आलेली मुलगी

माझ्या आत्याची हयात वजनकाट्यापाशी गेली. एरवी ती पार्सल कचेरीत खोकी तोलायची, आणि कुस्तीच्या मोठ्या स्पर्धा आल्या की मुलींची वजनं घ्यायला तिला बोलावणं यायचं. तिच्या माघारी आम्ही तिला 'काटा' म्हणायचो. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची तिला भारी हौस, पण आकडा तिने कधी रतीभर इकडचा तिकडे केला नाही.

काट्यावर चढणाऱ्या मुलीचं तोंड ती बघायचीच नाही, पाय बघायची. "जास्त भरायची भीती असली की पोर टाचा उचलते," ती म्हणायची, "काट्याला जसं काही कळणारच नाही!" वजन जास्त भरलं तर अर्धा तास मिळायचा, वेळ संपताना जे भरेल ते खरं. मग आत्या पिशवीतली दोरी काढून द्यायची आणि शेजारी उड्या मोजत बसायची.

त्या सकाळी अंतिम फेरीची मुलगी आली. गट त्रेपन्न किलोचा. आदल्या दिवशी बावन्न सहाशे भरलेली, आज त्रेपन्न चारशे. आणि टाचा? काट्यावर घट्ट रोवलेल्या. कुठेतरी पाणी मुरतंय, हे आत्याने ताडलं.

"हिला जड का व्हायचंय हो?" तिने दुभाषी बाईंना विचारलं.

"हळू बोला, काकू. जिच्याशी कुस्ती आहे ना, तिच्या देशाशी यांचं वैर. लढायचं नाही, असा वरून हुकूम आलाय. पण उघड नाही म्हटलं तर सगळ्या संघावर बंदी येते. वजन जास्त भरलं की कुणाला बोलायला जागा नाही."

"आणि हिने नाही ऐकलं तर?"

"वडील तिकडे सरकारी शाळेत मास्तर आहेत. नोकरी जाईल. पाठची दोन भावंडं आहेत."

दाराबाहेर संघाचा अधिकारी येरझाऱ्या घालत होता. पुरुषांना आत मज्जाव. आत्याचं डोकंच फिरलं. भांडायचं सरकारांनी आणि पाणी पिऊन फुगायचं या पोरीने! तिने दोरी काढून मुलीच्या हातात कोंबली. "अजून सत्तावीस मिनिटं आहेत. सांगा तिला."

मुलगी दोरीकडे बघत राहिली. मग तिने आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जमिनीवर टॉवेल पसरला आणि उड्या मारायला लागली. मध्ये एकदा धावत संडासला जाऊन आली, पुन्हा उड्या. घामाने चिंब होऊन काट्यावर चढली तेव्हा पाच मिनिटं उरली होती.

"टाचा खाली!" आत्या ओरडली.

त्रेपन्न किलो, वर एक ग्रॅम नाही. मुलगी खुदकन हसली. आत्याने पेन उचललं, तर तिने रजिस्टरवर हात ठेवला. खाली उतरली, पाण्याची बाटली उघडली आणि थेंब न सांडता सगळी प्यायली. मग पुन्हा काट्यावर उभी राहिली.

आत्याला रडू फुटलं. तशीच तिने रजिस्टरमध्ये त्रेपन्न सातशे लिहिलं. ते खरंच होतं.

मग तिने पिशवीतून पार्सलाला लावायची चिठ्ठी काढली. तिच्यावर त्रेपन्नचा आकडा, तारीख, वेळ आणि आपली सही. मुलीने ती घडी करून मोज्यात सरकवली आणि बाहेर गेली.

आत्या आता थकली आहे, पण चौकशा सुटलेल्या नाहीत. परवाही मला म्हणाली, "ती चिठ्ठी तिने बापाला दाखवली असेल का गं?"